वैमानिकाची दोन पत्रे

बाँबफेकी विमानातील तरुण म्हटला की डोळ्यांपुढे आकाश उभे राहते. परंतु त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग जमिनीवर, वाट पाहण्यात जात असे. १९४३ साली इंग्लंडमधील लिंकनशायरच्या विमानतळांवर सकाळ उजाडली की प्रश्न एकच : आज रात्री जावयाचे की नाही? जावयाचे ठरले, की बाहेरचे टेलिफोन बंद होत. प्रेयसी चार मैलांवर राहत असली, तरी ‘आज भेट नाही’ एवढेही तिला कळविता येत नसे. संध्याकाळी डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या विमानांवरून तिने काय ते ओळखावयाचे!

लँकॅस्टर विमानात सात जण असत. अंधार, गोठविणारी थंडी आणि सहा-सात तासांचा प्रवास. अशा ३० मोहिमा झाल्या म्हणजे एक मुदत पुरी होई.

परतल्यावर तो पत्र लिहावयास बसे. कोठे गेलो होतो, हे लिहिण्यास मनाई. शेजारची खाट रिकामी झाली, हे लिहिण्यास मन धजत नसे. मग पाऊस, सायकलचे पंक्चर, मेसमधले बेचव जेवण, एवढेच उरे. त्याला कोणी लपवाछपवी म्हणू नये. तिलाही ते उमजत असावे.

दुसरे पत्र पुष्कळांनी आधीच लिहून ठेविलेले असे. आपण न परतल्यास टपालात टाकावयाचे. बाँबर दलाच्या सुमारे १,२५,००० उड्डाणसैनिकांपैकी ५५,००० हून अधिक मृत्यू पावले. ज्याची मुदत पुरी होई, तो मात्र ते पत्र न पाठविताच फाडून टाकावयास मोकळा होई.