एका खेळाची विक्री

१५ सप्टेंबर २०१४ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने एक घोषणा केली. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील ‘मोयांग’ नावाची, जेमतेम ४० माणसांची एक संस्था २.५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे तिने ठरविले होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम १५,००० कोटी रुपयांच्या घरात जाते. मोयांगपाशी कारखाने नव्हते की खाणी नव्हत्या. तिच्यापाशी होता तो मुख्यत्वेकरून एक खेळ. संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचा, ठोकळ्यांचा, ‘माइनक्राफ्ट’ नावाचा. व्यापारी जगाला नवल वाटले ते किमतीचे. खेळणाऱ्या लक्षावधी मुलांना आणि तरुणांना मात्र वेगळेच काही वाटले. आपल्या अंगणाचा सौदा कोणीतरी परस्पर करून टाकला, अशी त्यांची भावना झाली. ही भावना पोरकट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती कशी उत्पन्न झाली हे पाहिले म्हणजेच या व्यवहारात नेमके काय विकले गेले, याचा उलगडा होऊ लागतो.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी दहाबारा वर्षांचे मूल आहे त्यांना या खेळाची तोंडओळख असेलच. इतरांसाठी थोडे सांगावयास हवे. खेळ सुरू होतो तेव्हा खेळणारा एका निर्मनुष्य जगात उभा असतो. डोंगर, झाडे, ढग, सारे चौकोनी ठोकळ्यांचे. झाड तोडून लाकूड मिळवावे, लाकडाची कुदळ करावी, कुदळीने दगड फोडावा, दगडी अवजारांनी लोखंड खणून काढावे. सूर्य मावळला की अक्राळविक्राळ प्राणी हिंडू लागतात, म्हणून तत्पूर्वी डोक्यावर छप्पर उभारावे. याहून अधिक आज्ञा हा खेळ फारशी करीत नाही. पुढे झोपडी बांधावयाची की राजवाडा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. दिवाळीच्या सुट्टीत माती कालवून किल्ला करणाऱ्या मराठी मुलाला यातील गोडी समजावून सांगावी लागणार नाही. किल्ला पुरा झाल्यावर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो.

या खेळाचे कर्ते मार्कुस पेर्सॉन यांचा जन्म १९७९ सालचा. नोकरी म्हणून त्यांनी काही वर्षे छोटे छोटे खेळ तयार केले. २००९ च्या मे महिन्यात फावल्या वेळात रचलेले हे नवे खेळणे त्यांनी लोकांपुढे ठेवले. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती, आणि त्यांनी तसे कधी भासविलेही नाही. झॅकरी बार्थ या अमेरिकन रचनाकाराने त्याच वर्षी ‘इन्फिनिमायनर’ नावाचा ठोकळ्यांचा खेळ काढला होता. त्याची आज्ञावली बाहेर फुटली आणि बार्थ यांनी त्याचा नाद सोडला. पेर्सॉन यांनी तो धागा उचलला. त्यांच्या खेळातील सर्वांत प्रसिद्ध राक्षस, चार आखूड पायांचा हिरवा ‘क्रीपर’, हा तर एका चुकीतून जन्मला. डुकराची आकृती करताना लांबी आणि उंची यांची अदलाबदल झाली, आणि जे उभे राहिले ते त्यांनी तसेच ठेवून दिले!

खेळ अपुरा असतानाच, जून २००९ पासून, पेर्सॉन तो विकू लागले. किंमत १० युरोंहून किंचित कमी. जाहिरात नाही, दुकान नाही. खेळणाऱ्यांनी चुका कळवाव्यात, नव्या वस्तू सुचवाव्यात, आणि पेर्सॉन यांनी त्यावर त्यांच्याशी बोलत बोलत पुढची आवृत्ती सिद्ध करावी, असा क्रम पडला. प्रारंभीच्या ग्राहकांना त्यांनी शब्द दिला होता की पुढील प्रत्येक आवृत्ती त्यांना विनामूल्य मिळेल. आणखी एक शब्द होता. विक्री ओसरू लागली आणि काही काळ लोटला, म्हणजे खेळाची आज्ञावली सर्वांना खुली करू. २०१० च्या सप्टेंबरात त्यांच्या खात्यावर पैशांचा ओघ इतका वाढला की पेपाल कंपनीने संशयाने ते खाते गोठविले. त्यात तेव्हा सुमारे ६ लाख युरो होते. जानेवारी २०११ मध्ये खपाने १० लाखांचा आकडा ओलांडला, आणि खेळ ‘पूर्ण झाला’ असे जाहीर होण्यास अद्याप दहा महिने अवकाश होता.

अपुरी वस्तू विश्वासावर विकत घेणारा माणूस केवळ ग्राहक राहत नाही. तो स्वतःला थोडाबहुत भागीदार समजू लागतो. कागदोपत्री त्याच्या नावावर एकही समभाग नसतो, ही गोष्ट निराळी. मोयांगचे सुमारे ७० टक्के समभाग पेर्सॉन यांच्या हाती होते. उरलेले मुख्यतः त्यांचे दोन सहसंस्थापक, याकोब पोर्सेर आणि कार्ल मान्ने, यांच्याकडे. खेळणाऱ्यांनी मात्र तोवर त्या खेळावर अपार श्रम खर्ची घातले होते. कोणी त्यात नवी यंत्रे जोडली, कोणी नवे प्राणी निर्माण केले. शेकडो जणांना एकाच जगात एकत्र खेळता यावे म्हणून स्वयंसेवकांनी ‘बकिट’ नावाची एक आज्ञावली उभी केली, आणि हजारो लोकांनी तिच्या आधारे आपापली जगे थाटली. कूळ आणि जमीनमालक यांच्या नात्याची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच की येथील कुळांना आपण कूळ आहोत याची जाणीवच नव्हती.

ती जाणीव २०१४ च्या उन्हाळ्यात झाली. आपापली जगे चालविणाऱ्यांपैकी काही जण खेळणाऱ्या मुलांकडून चांगल्या तलवारी आणि चिलखते यांसाठी भरमसाट पैसे घेऊ लागले होते. मुलांचे आईबाप तक्रारी करीत मोयांगकडे येत. जून महिन्यात मोयांगने नियम स्पष्ट केला: प्रवेशमूल्य घ्या, शोभेच्या वस्तू विका, पण पैसे घेऊन कोणाला खेळात सरस करू नका. नियम न्याय्यच होता, असे म्हणावे लागेल. तरी गदारोळ उठला, आणि त्याचा सारा रोख पेर्सॉन यांच्यावर. वस्तुतः खेळाच्या रचनेची सूत्रे त्यांनी २०११ च्या अखेरीसच येन्स बेर्गेनस्टेन यांच्या हाती दिली होती. १६ जून रोजी वैतागून त्यांनी ट्विटरवर लिहिले की आपले समभाग कोणी विकत घेता का, म्हणजे आपण मोकळे होऊ. पुढे ऑगस्टमध्ये बकिट बंद करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मोयांगने सांगितले की ती आज्ञावली आपल्याच मालकीची आहे, कारण २०१२ साली तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांना आपण नोकरीवर घेतले आहे. दोन वर्षे फुकट राबलेल्या इतर स्वयंसेवकांना हे तेव्हा कळले. त्यांच्यापैकी एकाने सप्टेंबरच्या आरंभी स्वामित्वहक्काच्या कायद्याचा आधार घेऊन आपला हिस्सा परत मागितला, आणि हजारो जगांचा तो आधार एका दिवसात खाली आला. विक्रीची घोषणा त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच झाली. सौद्याने अंगण तुटले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या अंगणात भिंती आधीच उभ्या राहू लागल्या होत्या.

घेणाराही असा, की ज्याच्याविषयी खेळणाऱ्यांच्या मनात अढी होती. स्वतः पेर्सॉन यांनी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टला फटकारले होते. वैयक्तिक संगणकाचे मोकळे मैदान तुम्ही बिघडवू नका, असे सांगून विंडोज ८ साठी खेळ प्रमाणित करून घेण्यास त्यांनी नकार दिला होता. मोठ्या कंपन्यांनी घेतलेल्या छोट्या संस्थांचा इतिहासही फारसा आश्वासक नव्हता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९९५ साली घेतलेली बुलफ्रॉग २००१ मध्ये मिटली, १९९८ साली घेतलेली वेस्टवुड २००३ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतलेल्या लायनहेडला पुढे २०१६ मध्ये टाळे लागले. त्यामुळे खेळणाऱ्यांची धास्ती निराधार नव्हती. मायक्रोसॉफ्टचा हिशेब मात्र वेगळा होता. हैदराबादेत वाढलेल्या सत्या नाडेला यांनी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कंपनीची सूत्रे हाती घेतली होती. भ्रमणध्वनींच्या बाजारात ती मागे पडली होती, आणि हा खेळ मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या भ्रमणध्वनींवर आणि सोनीच्या प्लेस्टेशनवरही मुलांच्या हाती होता. मुलांची एक अख्खी पिढी जेथे रोज तासन्‌तास रमते, ती जागा मायक्रोसॉफ्टने घेतली.

घोषणेच्या दिवशी पेर्सॉन यांनी एक पत्र प्रसिद्ध केले. मोठ्या उद्योगाचा धनी होण्याची, जगभर परिणाम करणाऱ्या वस्तूची जबाबदारी वाहण्याची आपली कुवत नाही, हा निर्णय पैशासाठी नसून मनःस्वास्थ्यासाठी आहे, असे त्यांनी लिहिले. खेळणाऱ्यांशी आपले जे नाते आहे असे आपण समजत होतो, ते प्रत्यक्षात नाही. आपण नकळत एक प्रतीक होऊन बसलो आहोत, अशी कबुलीही त्यात होती. आणि शेवटी त्यांनी म्हटले की हा खेळ आता मायक्रोसॉफ्टचा झाला असला, तरी व्यापक अर्थाने तो फार पूर्वीपासून खेळणाऱ्यांचाच आहे, आणि हे कधी बदलणार नाही. विकणाऱ्याने विकलेल्या वस्तूविषयी असे लिहावे, हे विलक्षणच. त्यात कृतज्ञता होती, आणि थोडी सोयही होती. व्यापक अर्थाच्या मालकीला खरेदीखत लागत नाही, आणि त्या मालकांना २.५ अब्जांतील वाटाही द्यावा लागत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि तिन्ही संस्थापक बाहेर पडले. भाकिते चुकली. मायक्रोसॉफ्टने प्लेस्टेशनवरील खेळ बंद केला नाही, स्टॉकहोमची संस्था मोडली नाही. शाळांसाठी स्वतंत्र आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेबरोबर २०१२ पासून चाललेला उपक्रमही पुढे चालू राहिला. त्यात नैरोबीपासून मुंबईपर्यंतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी आपली मैदाने आणि बागा कशा असाव्यात, हे याच ठोकळ्यांत मांडून दाखविले. विक्रीच्या वेळी खप ५ कोटींच्या वर होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ३० कोटींपलीकडे गेला. आज्ञावली खुली करण्याचे जुने वचन अर्थातच बाजूला पडले. त्याला अट होती विक्री ओसरण्याची, आणि विक्री काही ओसरली नाही. तथापि २०१९ मध्ये आज्ञावलीतील मुद्दाम झाकलेल्या नावांचा तक्ता कंपनीने प्रसिद्ध केला, आणि खेळात भर घालणाऱ्या हौशी मंडळींचे काम पुष्कळ सोपे झाले. स्वतंत्र असतानाच्या मोयांगने हे केले नव्हते, याची नोंद केली पाहिजे.

कर्त्याचे मात्र निराळे झाले. लॉस एंजेलिसजवळ ७ कोटी डॉलरचे घर घेतलेल्या पेर्सॉन यांनी वर्षभरातच, ऑगस्ट २०१५ मध्ये, आपल्या एकाकीपणाविषयी जाहीरपणे लिहिले. मित्र कामात गुंतलेले, आणि करण्यासारखे काही उरले नाही, असा त्याचा आशय होता. पुढे त्यांच्या काही विधानांवरून वाद झाले. मार्च २०१९ मध्ये खेळाच्या आरंभीच्या पडद्यावर अधूनमधून झळकणारे त्यांचे टोपणनाव काढून टाकण्यात आले, आणि खेळाच्या दहाव्या वाढदिवसाच्या समारंभाला त्यांना बोलावणे गेले नाही. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव राहिले.

आणि पहिले ग्राहक? २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की मोयांगची जुनी खाती यापुढे चालणार नाहीत. प्रत्येकाने मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून आपला खेळ तेथे हलवावा. कारण सुरक्षिततेचे होते, आणि ते खोटेही नव्हते. शेवटची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ही होती. २०१० साली १० युरो देऊन अपुरा खेळ घेतलेली आणि पुढील सर्व आवृत्त्यांचा शब्द मिळालेली कितीतरी मुले तोवर मोठी होऊन कामाधंद्याला लागली होती. जुन्या पत्त्यांवर आलेल्या सूचना ज्यांनी वाचल्या नाहीत, त्यांचा खेळ त्या तारखेनंतर त्यांच्या नावावर राहिला नाही.