मनाला एक मंत्र असावा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण विषय त्यांनी असा दिला की, त्याला पुस्तकांपेक्षा संसारच जास्त उपयोगी पडावा. मन शांत राहावे म्हणून प्रत्येकीने आपला एक मंत्र कसा निवडावा आणि तो कसा वापरावा, हा तो विषय.

मंत्र म्हटला की पुष्कळजणींना वाटते, ते सोवळ्यातले काम, गुरूने कानात सांगायचे. तसेही मंत्र आहेत आणि त्यांचा मान त्यांना आहेच. परंतु आपल्याकडे संतांनी नाम सर्वांना मोकळे करून दिले. 'राम कृष्ण हरी' हा मंत्र बाबाजी चैतन्यांनी तुकाराम महाराजांना माघ शुद्ध दशमीला स्वप्नात दिला. ही हकीकत महाराजांनी स्वतः अभंगात सांगितली आहे. दरवर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा आपण नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी आणि भवानी पेठेत पालखी विठोबापाशी दर्शनाला उभ्या राहतो. तेथे भेटणारा वारकरी 'राम कृष्ण हरी' म्हणूनच बोलायला सुरुवात करतो. तोच मंत्र, तोच नमस्कार. 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राचा जप समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला केला, आणि गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) तोच घरोघरी पोचवला. आपल्या आज्या-सासवांच्या जपाच्या वह्या आपण पाहिल्याच आहेत.

आता निवडायचा कसा? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तो एका श्वासात मावेल इतका लहान असावा. दुसरी, त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नसावे. तिसरी, तो आपल्या जिभेला ओळखीचा असावा, म्हणजे आठवावा लागू नये. मग तो देवाचा असो, बुद्धवंदनेतला असो, कोणाची तस्बी असो की कोणाची रोझरी. जिला देवाचे नाव घ्यायचे नाही, तिने साधे शब्द घ्यावेत. मात्र एकदा घेतला की साडीसारखा रोज बदलू नये. शब्द मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखाच.

आणि वापरायचा कसा? तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. म्हणून मन स्वस्थ असते तेव्हाच त्याची सवय करावी. त्यासाठी वेगळा वेळ आपल्याला मिळत नाही, तेव्हा तो कामाला बांधून टाकावा. पोळी लाटताना, भांडी घासताना, बसथांब्यावर उभे असताना. राग आला की उत्तर देण्यापूर्वी तीनदा मनात म्हणावा आणि श्वास सावकाश सोडावा. तेवढ्यात तोंडातून जाणारा अर्धा शब्द तरी परत येतो.

याला शास्त्राचाही आधार आहे, हे मला माझ्या पुतणीने वाचून दाखवले. २००१ साली इटलीतील डॉक्टरांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधील रोझरीची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या चालीलाही ते मानवले. भाषा दोन, धर्म दोन, पण श्वास एकच.

भगिनींनो, आता थोडे अवघड बोलते. २०२० साली कोरोनात आमच्या घरच्यांना अकरा दिवस रुग्णालयात ठेवले होते. कोणालाही आत सोडत नसत. संध्याकाळी एकदा फोन यायचा. त्या अकरा दिवसांत मी 'राम कृष्ण हरी' किती वेळा म्हटले, याची मोजदाद नाही. त्याने आजार बरा झाला असे मी म्हणणार नाही. तो डॉक्टरांच्या औषधाने आणि प्राणवायूने झाला. पण फोन आला की माझा हात कापत नसे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून ठेवीत असे आणि ते सगळे विचारीत असे. मुलांचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, काही चुकले नाही. मंत्राने मला एवढे दिले, आणि ते थोडे नव्हते.

त्याच महिन्यात आमच्या भिंतीपलीकडच्या बाईंचे यजमान गेले. त्यांनीही रात्रंदिवस नाम घेतले होते. पुढे एकदा त्यांनी मला विचारले, "माझे नाम कमी पडले का हो?" मी त्यांचा हात धरून म्हटले, "नाही हो वहिनी. नाम म्हणजे काही बाजार नव्हे, इतके घातले की इतके मिळाले." कितीतरी महिने त्यांच्या तोंडात देवाचे नाव आले नाही, आणि आम्हीही कोणी आग्रह केला नाही. मग त्या दोनच शब्द म्हणू लागल्या, 'आजचा दिवस'. उद्याचे नाही, वर्षाचे नाही. त्या दोन शब्दांवर त्यांनी धाकट्याची दहावी पार पाडली आणि शिवणाचे यंत्र घेतले. त्यांच्या परवानगीने हे सांगते आहे. हाही मंत्रच आहे, आणि माझ्या मंत्राहून तो कमी प्रतीचा नाही.

आणखी एक सांगायचे आहे. मंत्र हा मन ताळ्यावर ठेवण्यासाठी आहे, अन्याय मुकाट्याने सोसण्यासाठी नाही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई पाहा. लहानपणीच वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी त्यांचे लग्न लागले. तुकोबांचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्याकडून मारही खाल्ला. तुकोबांनी त्यांना स्वप्नात उपदेश केला. पण नाव घेत त्या गप्प बसल्या नाहीत. आपल्यावर काय गुदरले ते त्यांनी आपल्या चरित्राच्या अभंगांत लिहून ठेवले. त्यांच्या काळी त्यांना लेखणीखेरीज आधार नव्हता. आपल्याला घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, ११२ क्रमांक आहे, आणि हे मंडळ आहे. घरात कोणी हात उगारीत असेल, तर मंत्र म्हणून मन घट्ट करावे आणि मग दार उघडून शेजारणीकडे यावे.

तसेच आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असे वाटते, अशी अवस्था असेल तर नुसत्या जपावर थांबू नये. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हे. २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, पैसे न पडता, मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्याला नाही लागला, तर शेजारी लागेल.

आजपासून पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने एकच मंत्र धरून पाहावा, अशी माझी विनंती आहे. कोणता धरला ते सांगायचे नाही. फक्त वर्षभरात तो कोठे उपयोगी पडला, तेवढे पुढच्या सभेत सांगायचे.

राम कृष्ण हरी.