वात बरोबर, तर मेणबत्ती बरोबर



भाताची कापणी-झोडणी आटोपली, वाल-हरभरा पेरून झाला, की हाताला थोडी सवड मिळते. या सवडीत घरच्या घरी जाड, उभ्या मेणबत्त्या करून कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या बाजारात न्याव्यात, असा विचार तुमच्यापैकी काहीजण करीत असतील. नाताळ तोंडावर असतो, गिऱ्हाईकही मिळते. पण मेण विकत आणण्याआधी आज वातीविषयी दोन शब्द ऐका.

मुरबाडकडच्या एका घरची गोष्ट सांगतो. दोन इंची मेणबत्तीला जी वात वापरीत, तीच त्यांनी तीन इंची मेणबत्तीत घातली. चाळीस नग कल्याणच्या दुकानदाराला दिले. आठ दिवसांत पंचवीस परत आले. मधोमध विहिरीसारखा खड्डा आणि त्यात वात बुडालेली. त्यांनी मला विचारले. मी सांगून टाकले, "वात जाड घाला." किती जाड, ते करून पाहिले नाही. पुढच्या खेपेच्या मेणबत्त्यांनी भिंती काळ्या केल्या आणि मेण एका अंगाने फुटून वाहिले. मेण चांगले, साचा चांगला, मेहनत चांगली; नडली ती वात, आणि माझा अर्धवट सल्ला. त्यानंतर आम्ही मिळून ज्या रीतीने वात ठरवली, ती रीत आज सांगतो.

वात काय काम करते? जमिनीतला ओलावा केशाकर्षणाने वर चढतो, हे तुम्ही जाणताच. वितळलेले मेण वातीतून तसेच वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात बारीक असेल तर ज्योत लहान राहते. कडेचे मेण वितळत नाही आणि खड्डा पडतो. वात फार जाड असेल तर मेण जास्त चढते, सगळे जळत नाही, म्हणून काजळी धरते.

आपल्या भाताच्या खाचराचे उदाहरण घ्या. पाणी बांधापर्यंत पोचले पाहिजे, पण बांध फुटता कामा नये. मेणबत्तीचेही तसेच. वितळलेले मेण कडेच्या जवळ पोचावे, पण भोवती साधारण पाव इंचाचा बांध उभा राहावा.

जाडीचा हिशेब. दोन इंचांवरून तीन इंचांवर गेलो म्हणजे दीडपट झाले, असे वाटते. पण वरच्या तोंडाचे क्षेत्र सव्वादोनपट होते. एका औताला सव्वादोनपट रान दिल्यासारखे हे आहे. म्हणून साचा बदलला, की वात नव्याने ठरवायची.

वात कशी करावी? सुती धाग्याची घट्ट, तिपेडी वेणी घाला. नुसत्या पिळलेल्या वातीपेक्षा वेणीची वात बरी. वेणीचे टोक जळताना वाकून ज्योतीच्या कडेला जाते आणि तिथेच जळून जाते. फ्रान्समध्ये १८२५ साली वेणीची वात निघाली, तेव्हापासून घडोघडी वात कातरण्याचा त्रास कमी झाला. साच्यात बसवण्याआधी वात वितळलेल्या मेणात बुडवा. बुडबुडे थांबले की काढून, ताणून सरळ वाळवा.

चाचणी कशी घ्यावी? सुताची जाडी दुकानागणिक बदलते, म्हणून धाग्यांचा ठराविक आकडा मी सांगत नाही. तीन वाती करा: बारा, अठरा आणि चोवीस धाग्यांची. मेण एकच, साचा एकच, फक्त वात वेगळी. प्रत्येक मेणबत्तीला खूण करा आणि एक दिवस तशीच राहू द्या.

मग वात पाव इंच ठेवून कातरा. वारा नसेल अशा जागी, ताटलीत ठेवून पेटवा. दर इंच रुंदीला एक तास धरा. म्हणजे तीन इंची मेणबत्ती तीन तास जळू द्या. मग विझवा, पूर्ण थंड करा, वात कातरा आणि पुन्हा पेटवा. पहिल्या वेळच्या जळण्यावर निकाल देऊ नका. बुडापर्यंत जाळून पाहा.

वहीत एवढे टिपा:

१. ज्योत बारीक, कडेला जाड मेण उरले, वात बुडते: वात एक पायरी जाड करा.

२. धूर येतो, टोकाला काजळीचे बोंड धरते, बांध फुटतो: वात एक पायरी बारीक करा.

३. ज्योत स्थिर, मेणाचे तळे सुमारे अर्धा इंच खोल, बांध शाबूत: हीच तुमची वात.

दोन वाती सारख्याच चांगल्या ठरल्या, तर त्यांतली बारीक घ्या.

मेण बदलले, रंग घातला किंवा सुगंध मिसळला, तर चाचणी पुन्हा घ्यावी लागते. मधाच्या पोळ्याचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि ते पॅराफिनपेक्षा दाट असते. त्याला बहुधा एक पायरी जाड वात लागते.

जपून करा. मेणाचे भांडे थेट चुलीवर ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. मेण चुलीवर असताना उठून जाऊ नका, मुलांना दूर ठेवा. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी मुळीच ओतू नका. आच बंद करून झाकण घाला. उरलेले मेण मोरीत टाकू नका, मोरी तुंबते.

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवलीत अनेक ठिकाणी वीज गेली होती. अशा रात्री घरात लावलेली मेणबत्ती मध्येच विझली, तर अंधार. बांध फुटून कलंडली, तर आग. आपण विकलेली मेणबत्ती कुणाच्या तरी घरात अशीच जळणार आहे, हे ध्यानात ठेवा. तीन मेणबत्त्या जाळून पाहण्याचा खर्च परत आलेल्या पंचवीस मेणबत्त्यांपेक्षा नक्कीच कमी आहे.

आधी तीन करा, जाळून पाहा, मगच तीनशे करा.