घरचा केर आणि शाळेचा धडा
(केंद्रातील शिक्षक परिषदेत एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



स्वच्छतेवर आपण सर्वांनी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत आणि वर्गात दिलीही आहेत. म्हणून आरंभीच माझ्या फजितीची एक हकीकत सांगतो.

मी चौथीचा वर्ग शिकवीत असताना, ओढा घाण करू नये, असे एकदा मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. पाठ संपल्यावर मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, तुमच्या परसामागून रोज ओढ्यात पिशवी पडते, ती कोणाची?" विचारण्यात उद्धटपणा नव्हता. तिच्या घरची म्हैस त्याच ओढ्याकाठी चरत असे. मला उत्तर देता आले नाही. त्या सायंकाळी मी आमच्या घरची पिशवी प्रथमच उपडी करून पाहिली.

तीत भाजीची देठे, शिळ्या भाकरीचे तुकडे, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टने, एक फुटका पेला आणि विजेरीचे दोन सेल होते. निम्म्याहून अधिक ऐवज मातीतून आलेला व मातीस परत देण्याजोगा होता. तोच आम्ही प्लास्टिकमध्ये बांधून फेकीत होतो. भाकरीच्या वासाने जनावर पिशवीसह घास घेते. पिशवी पचत नाही, पोटात साचत राहते आणि अखेर जनावर दगावते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, "ती पिशवी माझी होती. आजपासून पडणार नाही."

आपल्या खेड्यांना हे शास्त्र नवे नाही. राखेने भांडी घासली जात, जुन्या लुगड्यांच्या वाकळा होत, साली गुरांपुढे जात आणि उरलेले उकिरड्यावर कुजून शेताला मिळे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. परंतु ज्या उकिरड्यात प्लास्टिक शिरले, त्याचे पांग बारा वर्षांनीही फिटत नाहीत. म्हणून पहिले काम निवडण्याचे. 2016 साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचरा नियमांनीही कुजणारा, न कुजणारा व घातक असे तीन भाग घरातच करण्याची जबाबदारी घरावर टाकली. एकदा मिसळलेला कचरा मागाहून निवडणे फार कष्टाचे, आणि ते कष्ट नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातांवर पडतात.

कुजणाऱ्या भागासाठी परसात तीन फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा पुरे. सुमारे अर्धा फूट केराचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, असे क्रमाने रचावे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. दुर्गंधी सुटली तर ओल जास्त झाली व हवा कमी पडली, असे समजून कोरडा पाला मिसळावा. तीन-चार महिन्यांत खत होते. तोवर शेजारी दुसरा खड्डा चालू ठेवावा. पुसदचे नारायण पांढरीपांडे, अर्थात नाडेपकाका, यांनी भिंतींना झरोके ठेवलेले दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे टाके याच तत्त्वावर बांधले. शाळेच्या आवारातील पाल्यासाठी ते उपयुक्त आहे.

कागद, डबे, प्लास्टिक हे कोरडे व स्वच्छ ठेवले, तर भंगारवाला नेतो. खरकटे लागले की तेही निरुपयोगी होते. फुटकी काच, दाढीची पाती, सेल, औषधे आणि वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून, स्वतंत्र ठेवावेत. मुलींना ही गोष्ट शिक्षिकाभगिनींनी संकोच न करता सांगावी. मात्र काडी लावून सुटका करून घेऊ नये. प्लास्टिकचा धूर विषारी असतो. काही प्लास्टिकांतून डायॉक्सिनसारखी द्रव्ये निघतात आणि तो धूर प्रथम घरातील तान्ह्या मुलाच्या व म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जातो.

आता शाळेविषयी एक नाजूक गोष्ट. आपल्या वर्गात केरसुणी कोणाच्या हाती असते? ती केवळ मुलींच्या, किंवा विशिष्ट वस्तीतील मुलांच्याच हाती जात असेल, तर आपण स्वच्छता शिकवीत नसून जुनी विषमता शिकवीत आहोत. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी व त्या यादीत पहिले नाव शिक्षकाचे असावे. 1956 साली निवर्तलेले संत गाडगेबाबा गावात शिरताच आधी स्वतः रस्ता झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. तो क्रमच त्यांच्या शिकवणीचे सार आहे.

मुलांना एक सोपा गृहपाठ द्यावा. आठवडाभर घरातून काय बाहेर टाकले गेले, ते वहीत तीन रकान्यांत लिहावे. शनिवारी वर्गाची बेरीज करावी. त्यात गणितही येते व परिसर अभ्यासही येतो. मात्र कोणाच्या घरास नावे ठेवू नयेत; पहिला तक्ता शिक्षकाने आपल्याच घरचा मांडावा.

माझ्या खड्ड्यातील पहिले खत तयार झाले, तेव्हा मी ते घमेल्यातून वर्गात नेले. त्या मुलीने मूठभर हाती घेतले, हुंगले आणि म्हणाली, "गुरुजी, याला पहिल्या पावसाचा वास येतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या पाठाला याहून चांगला शेरा मिळालेला नाही. आपण येथून घरी गेल्यावर प्रथम आपली पिशवी उपडी करून पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.