बंब झाळावा की मोडीत द्यावा?

अजिंठ्याचा घाट उतरला की पायथ्याशी आमचं फर्दापूर. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरून गार वारा उतरतो आणि घराघरांत एक प्रश्न निघतो. तांब्याचा बंब गळायला लागलाय. त्याला झाळ लावावी, की मोडीत देऊन गीझर आणावा?

आधी तो गळतो कुठून ते पाहावं. रात्री गार पाण्यानं भरून कोरड्या फरशीवर ठेवावा. सकाळी ओल जागा दाखवते. तोटी ठिबकत असेल तर वायसरवर भागतं. सांधा पाझरत असेल तर तांबट झाळ लावून देतो. पण पाणी मधल्या नळीतून, निखाऱ्यांवर ठिबकत असेल, तर तिथला पत्रा विस्तवानं खाऊन पातळ झालेला असतो. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. मग नळीच बदलावी लागते. तो खर्च एका बाजूला मांडावा आणि जुन्या तांब्याची मोड वजा करून नव्याची किंमत दुसऱ्या बाजूला. नवा घेताना चकाकी पाहू नये, वजन पाहावं. आणि बंब कुठलाही असो, पाणी भरल्याशिवाय जाळ करू नये, झाळ वितळते.

आता गीझर. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. त्यासमोर कपाशीच्या पऱ्हाट्या फुकट, असं आपण म्हणतो. पण त्या शेतातून आणायच्या, मोडायच्या आणि पहाटे डोळे चोळत फुंकायच्या, हे कष्ट हिशेबात कुणी धरत नाही.

धुराचंही तसंच. अजिंठ्याच्या चित्रांना गाड्यांचा धूर लागू नये म्हणून पर्यटकांची खासगी वाहनं आमच्या टी-पॉइंटवर थांबतात. पुढचे ४ किलोमीटर ठरावीक बसनंच जावं लागतं. भिंतीवरच्या चित्रांची एवढी काळजी घ्यायची, तर बंबापुढे बसणाऱ्या बाईच्या छातीची नको का घ्यायला?

आणखी एक. थंडी वाजते म्हणून पेटता बंब बंद न्हाणीघरात कधीही ठेवू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग; माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. हवा खेळत नसेल तर गॅसच्या गीझरचाही हाच धोका.

आमच्या घरी फजरच्या नमाजाआधी वजूला कोमट पाणी लागतं. अम्मीची पंचाहत्तरी उलटली आहे, वर दमा. मुलगा गीझर म्हणाला, मी झाळ म्हणालो. पण बंब पेटवते माझी बायको, म्हणून शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, "रोजच्याला छोटा गीझर घ्या, अर्थिंग तपासून. बंबाची नळी बदला आणि तो अंगणात ठेवा. वीज गेली, पाहुणे आले, की आहेच." तसंच केलं. अम्मीच्या पहाटेला आता धूर नाही.

तेव्हा श्रोतेहो, बाजारात जाण्याआधी दोन गोष्टी करा. गळती कुठे आहे ते पाहा, आणि घरात फुंकणी कुणाच्या हातात असते, त्या माणसाला विचारा.