मडके, वीज आणि मोहफूल



आजचा विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मूलसारख्या गावी, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मद्य करण्याची चर्चा! परंतु ज्या वस्तूपायी या दोन जिल्ह्यांत आंदोलने झाली, बंदी आली आणि एका जिल्ह्यातून उठलीही, ती वस्तू होते तरी कशी, हे जाणल्यावाचून तिच्याविषयी मत देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

परदेशांत घरच्या घरी बियर करण्याचा छंद आहे. इंग्लंडात त्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेच्या संघराज्याने १९७८ च्या कायद्याने मुभा दिली. हौशी माणूस पोलादी पातेल्यात विजेची कांडी बसवतो, तापमान राखणारे यंत्र जोडतो आणि पहिल्या दिवसाची तयारी करतो. त्या दिवशी प्रथम साध्या पाण्यानेच परीक्षा घ्यावी लागते: कोठे गळते काय, जमिनीशी जोडणारी तार नीट आहे काय. पाणी आणि वीज एकत्र आली की तेथे हयगय चालत नाही. तीन किलोवॉटची कांडी तीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६७ अंशांवर नेण्यास, उष्णता वाया न गेल्यास, सुमारे अर्धा तास घेते.

मग त्यात मोड आणून वाळवलेला सातू भरडून घालतात. ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवले की धान्यातल्या पिष्टाची साखर होते. फार तापवले तर ही साखर करणारी द्रव्येच मरतात, म्हणून तापमानावर एवढी नजर. पुढे रस गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून तासभर उकळायचा, झटपट निववायचा आणि किण्व घालायचे. दिवस संपतो, खरे काम पुढे किण्वाचे. साखर खाऊन मद्यार्क करणारी ही सृष्टी सजीव आहे, हे लुई पाश्चर याने एकोणिसाव्या शतकात दाखवले. घनतामापक आधी १.०५० आणि शेवटी १.०१० दाखवील, तर मद्यार्क सुमारे पाच टक्के, इतका नेमका हिशेब करता येतो.

आता आपल्या मोहाकडे वळू. येथे सातूचा खटाटोप नको, कारण फुलातच साखर आहे. वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. फुले पाण्यात भिजवली की काही दिवसांत सडवा तयार होतो. पण सडवा म्हणजे दारू नव्हे. तो भट्टीवर चढवतात. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. म्हणून वाफेत मद्यार्काचे प्रमाण वाढते आणि ती निवली की धार पडते. पहिल्या धारेचा जोर मोठा, पुढे तो उतरत जातो. घरची बियर आणि भट्टीची दारू यांत हा मूलभूत भेद आहे. ज्या देशांत बियरची मुभा आहे, त्या इंग्लंड-अमेरिकेतही परवान्यावाचून घरी दारू गाळणे गुन्हाच आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून दोन्हींना मनाई आहे.

आमचे म्हणणे असे की, सारा प्रश्न मापाचा आहे. विजेच्या पातेल्यापाशी बसलेल्यास आपण काय केले ते ठाऊक असते. चोरून लावलेल्या भट्टीवर माप नसते, आणि सडव्यात नवसागर पडला तरी पिणाऱ्यास कळत नाही. पण माप आले म्हणजे सारे भागले, असेही नाही. २०१० साली ज्या स्त्रिया चिमूरहून नागपुरास पायी गेल्या, त्यांचे गाऱ्हाणे मद्यार्काच्या टक्केवारीचे नव्हते. घरात येणारी मजुरी कोठे जाते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ साली उठली. सावलीमार्गे जाताना वैनगंगा ओलांडली की कायदा बदलतो. घरातील बाईचे दुःख मात्र बदलत नाही.

तथापि दारूचा दोष फुलावर लादणे हा अन्याय होय. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाविषयी कायदा करून फुले गोळा करण्यावरच बंधने घातली. त्यामागे दारूचा महसूल होता, लोकांचे आरोग्य नव्हे. जंगलातल्या घरांना हे फूल भाजून, शिजवून पोटाला आधार देत आले आहे. चैत्रात पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जाणाऱ्या बाईस ते हाती पैसा देते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला.

तेव्हा भट्टी मोडणे एवढ्यावर आपले कर्तव्य संपत नाही. ग्रामसभेने फुले स्वच्छ वाळवावी, साठवावी, भाव चढेपर्यंत थांबावे. त्यांचा पाक करावा, लाडू करावेत. त्यासाठी लागते ते हेच: शुद्ध पातेले, मोजलेली उष्णता, आणि नफा गोळा करणारणीच्या हाती राहील असा हिशेब. विजेचे पातेले मद्याचेच असते असे नाही. पाक आटवण्यास तेच चालते. यंत्रास नीती नसते. ती आपण ठरवावयाची असते, आणि ठरवताना टोपली घेऊन पहाटे निघणाऱ्या बाईचे मत आधी घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.