उतारवयातील पहिले बालपुस्तक



लेखकाची उमेद तारुण्यात असते आणि वय वाढत गेले की लेखणी मंदावते, असा एक समज सर्वत्र आढळतो. बालवाङ्मयाच्या बाबतीत हा समज टिकत नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्या काही थोर लेखकांचे पहिले बालपुस्तक चाळिशी, पन्नाशी, प्रसंगी साठी उलटल्यावर प्रसिद्ध झालेले आहे. हे कसे घडले आणि त्यातून नव्याने लेखणी हाती घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी काय घ्यावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गुरुग्रामसारख्या नगरात या विषयाला विशेष महत्त्व आहे. कौरव-पांडवांनी द्रोणाचार्यांना गुरुदक्षिणा म्हणून दिलेले गाव ते हेच, अशी परंपरागत समजूत आहे. 2016 साली गुडगावला हे नाव अधिकृतपणे मिळाले ते याच आधारावर. आज तेथे उंच इमारती आणि देशोदेशींच्या कंपन्यांची कार्यालये आहेत. नोकरीनिमित्त नाना प्रांतांतून तरुण मंडळी आली आणि त्यांच्या पाठोपाठ कित्येकांचे आईवडीलही आले. जन्मभर शाळेत शिकवलेले, बँकेत हिशेब सांभाळलेले किंवा घर चालवलेले हे लोक दुपारी नातवंडांना गोष्टी सांगतात. नातवंडांच्या तोंडी हिंदी आणि इंग्रजी असते. मराठी, मल्याळी किंवा बंगाली उरते ती आजीच्या बोलण्यात. त्या गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत, तर आजीबरोबर त्याही संपणार. म्हणून गोष्ट छापून यावी ही इच्छा केवळ हौस म्हणून सोडून देता येत नाही. मात्र इच्छा आणि पुस्तक यांच्यामध्ये बरेच अंतर आहे.

हे अंतर कसे ओलांडता येते याचे एक उदाहरण गुरुग्रामच्या शेजारी, दिल्लीतच आहे. केशव शंकर पिल्लै, म्हणजे व्यंगचित्रकार शंकर, यांचा जन्म 1902 साली केरळात कायंकुळम येथे झाला. राजकीय व्यंगचित्रकार म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि 1948 मध्ये ‘शंकर्स वीकली’ हे साप्ताहिक सुरू केले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा भरवली आणि पुढे तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. देशोदेशींच्या मुलांनी काढलेली असंख्य चित्रे त्यांच्या नजरेखालून गेली. 1957 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली. भारतीय मुलांना भारतीय वातावरणातील, चांगल्या छपाईची आणि परवडेल अशा किमतीची पुस्तके मिळावीत, हा त्यामागील हेतू होता.

शंकर स्वतः मुलांसाठी लिहू लागले ते या टप्प्यावर. केरळातील आजोबांच्या घरच्या बाळपणावर आधारलेले ‘लाइफ विथ ग्रँडफादर’ हे त्यांचे पुस्तक 1965 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. स्वतः आजोबांच्या वयाला पोहोचलेल्या माणसाने ते पुस्तक नातवाच्या जागी उभे राहून लिहिले, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्यात आजोबा आहेत, परंतु सारे काही घडते ते खोडकर मुलाच्या बाजूने. लिहावयास बसण्यापूर्वी शंकरांनी मुलांची चित्रे वर्षानुवर्षे पाहिली होती, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. मुलाला घर केवढे दिसते, हत्ती केवढा दिसतो, हे ती चित्रे सांगत असतात.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचा जन्म 1867 सालचा. शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात त्या सदर लिहीत. 1930 च्या सुमारास त्यांनी आपल्या बाळपणाची हकीकत प्रौढ वाचकांसाठी प्रथमपुरुषी निवेदनात लिहिली. ती प्रकाशकांनी नाकारली. तेव्हा त्याच आठवणींतील आरंभीचा भाग त्यांनी, लेखिका असलेल्या आपल्या मुलीच्या साहाय्याने, मुलांसाठी नव्याने बांधला. ‘मी’ गेला आणि लॉरा नावाची एक लहान मुलगी आली. मोठ्या माणसाचे मागे वळून पाहणे गेले. लोणी कसे काढतात, हिवाळ्यासाठी मांस धुरावर कसे टिकवतात, हे त्या मुलीच्या डोळ्यांदेखत घडू लागले. 1932 साली ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखिकेचे वय पासष्ट होते. 1943 पर्यंत या मालेतील आठ पुस्तके निघाली. आठवणी त्याच होत्या; त्या पाहण्याची उंची तेवढी बदलली होती.

मराठीत विंदा करंदीकरांचे उदाहरण बोलके आहे. ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’ आणि ‘धृपद’ या संग्रहांमुळे कवी म्हणून मान्यता मिळाल्यावर, चाळिशी उलटून गेलेली असताना, 1961 मध्ये त्यांचा ‘राणीची बाग’ हा बालकवितांचा संग्रह आला. विचारप्रधान कवितेचा हा कवी मुलांपाशी आला तो कल्पनेच्या खेळासाठी, उपदेशासाठी नव्हे.

या तिघांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. उतारवयाचे भांडवल म्हणून अनुभवाचा उल्लेख नेहमी होतो. परंतु अनुभवाच्या जोडीला शिकवण्याची सवयही आलेली असते आणि नव्या बाललेखकाची हस्तलिखिते बहुधा तिच्यामुळेच निर्जीव होतात. गोष्टीतील कोल्हा शेवटी पश्चात्ताप पावतो, आळशी मुलगा परीक्षेत नापास होतो आणि मुलाने पुस्तक केव्हाच मिटलेले असते. द्रोणाचार्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरीतही बालपुस्तक लिहिणाऱ्याने गुरूच्या आसनावरून खाली उतरणे इष्ट होय.

आणखी एक भ्रम सोडावा लागतो. नातवाला गोष्ट आवडली म्हणजे ती चांगली झाली, असे होत नाही. नातवाचे आजीवर प्रेम असते. गोष्टीबरोबर त्याला आजीचा आवाज आणि मांडी मिळते. परक्या मुलाला यांतले काहीच मिळत नाही, त्याला केवळ शब्द मिळतात. यास्तव हस्तलिखित पाठवण्यापूर्वी ते अनोळखी मुलांना वाचून दाखवावे आणि ती चुळबुळ करू लागतात त्या जागी पेन्सिलीने खूण करावी.

मुद्रणाच्या बाजूचीही थोडी माहिती असावी. चित्रमय पुस्तकाची पृष्ठे कागदाच्या घडीनुसार ठरतात, म्हणून ती बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस असतात. तेवढ्यात चित्रालाही जागा लागते. चित्रात दिसणार आहे ते शब्दांत पुन्हा सांगण्याचे कारण नसते. चित्रकार सामान्यतः प्रकाशक निवडतो. प्रकाशकाने दुरुस्त्या सुचवल्या तर तो अपमान समजू नये. वाइल्डरबाईंचे पहिले हस्तलिखित नाकारले गेले नसते, तर दुसरे लिहिलेच गेले नसते. पैसे घेऊन पुस्तक छापून देणारेही पुष्कळ असतात. त्यांचा नफा लेखकाकडूनच वसूल झालेला असतो, त्यामुळे वाचक शोधण्याची त्यांना निकड नसते. निवृत्तिवेतनातून रक्कम काढण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

भाषेचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक आहे. गुरुग्राममधील मराठी आजीने नातवासाठी इंग्रजीतच लिहावे, असा आग्रह घरातूनच होतो. परंतु जी भाषा जन्मभर ऐकली, तिच्यातच ‘हळूच’, ‘गुपचूप’, ‘धपकन’ हे शब्द नेमक्या जागी पडतात. गोष्ट आधी त्या भाषेत पुरी करावी. अनुवाद नंतर होऊ शकतो. नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत नेते, आणि त्या संस्थेचे मुख्य कार्यालय गुरुग्रामपासून फार दूर नसलेल्या वसंत कुंजात आहे.

शेवटी काळाचा हिशेब. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. 2010 पासून दिल्या जाणाऱ्या बालसाहित्य पुरस्काराला तशी अट नाही. भारतीय कायद्यानुसार पुस्तकावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या आजोबांचे पुस्तक नातवाच्या नातवंडांपर्यंत पोहोचू शकते. मात्र हस्तलिखित, दुरुस्त्या, चित्रे आणि छपाई यांत एक-दोन वर्षे सहज जातात. सर्व आठवणी गोळा होईपर्यंत थांबण्याइतकी सवड या वयात नसते. विहिरीत पडलेला लोटा, हरवलेले वासरू, अशी एखादी लहान घटना घेऊन, ती त्या वेळी जेवढी मोठी वाटली होती तेवढीच मोठी करून लिहावयास आरंभ करावा, हेच श्रेयस्कर होय.